नळीची मागची बाजू

आमच्या घरात रविवारी आंबट वास असायचा. ताक जास्त आंबून जातं तसा नव्हे, कैऱ्या मिठात घालून ठेवल्यावर येतो तसाही नव्हे. नाकाच्या शेंड्याला टोचणारा, डोळ्यांत थोडं पाणी आणणारा, आणि आठवडाभरानं नाहीसा झाला की घरात काहीतरी कमी झाल्यासारखं वाटायला लावणारा. पुढे कॉलेजात पहिल्या वर्षाला प्रयोगशाळेत ॲसेटिक ॲसिडची बाटली उघडली, तेव्हा बाकीच्या मुली नाक दाबून मागं सरल्या आणि मला बेळगावजवळच्या हिंडलग्यातला आमच्या घराचा सोपा आठवला. मास्तर म्हणाले, व्हिनेगर म्हणजे हेच, फक्त पातळ. आमच्या घरात व्हिनेगर हा शब्दच कुणाला ठाऊक नव्हता. आई त्याला "आप्पांचा वास" म्हणायची.

आप्पा, म्हणजे माझे वडील, बेळगावच्या कॅम्पातल्या, लष्कराच्या छावणीतल्या, एका काचेच्या दुकानात कामाला होते. सोमवार ते शनिवार खिडक्यांच्या काचा, आरसे, देवांच्या तसबिरी, लष्करातल्या लोकांच्या निवृत्तीच्या ग्रुप फोटोंच्या चौकटी. रविवारी मात्र ते घरी सोप्यावर मासे पाळायच्या काचेच्या पेट्या करायचे. पूर्वीच्या पेट्या लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत काच बसवून, फटीत डांबर नाहीतर लांबी भरून केलेल्या असत. लांबी म्हणजे खिडकीची काच बसवायला खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून करतात ती. आप्पांनी त्याही केल्या होत्या. पण सिलिकॉनच्या नळ्या आल्यावर चौकट गेली, नुसती काचेला काच चिकटायला लागली, आणि आप्पांना या कामाचं वेडच लागलं. कॅम्पात बदली होऊन आलेल्या लोकांच्या घरी मासे ठेवायची हौस असे, त्यामुळे महिन्याला एखादी तरी पेटी व्हायची.

माझ्या कानात त्या रविवारचे आवाज अजून आहेत. काच कापायच्या हत्याराला आप्पा हिरा म्हणत. हिरा काचेवरून ओढला की एक बारीक, सलग किर्र आवाज यायचा, आणि तो मधेच तुटला तर आप्पा स्वतःवरच चिडायचे, कारण रेघ तुटली की काच वाकडी फुटते. मग रेघेखालून दोन-तीन टकटक, श्वास रोखलेली एक घडी, आणि कट्. चुलीपुढं आईच्या भाकऱ्यांची थपथप चालू असायची. काम संपेपर्यंत सोप्यावर पाऊल टाकायची आम्हाला बंदी. शेवटी आई कणकेचा एक गोळा आप्पांच्या हातात द्यायची. तो गोळा ते फरशीवर दाबत दाबत फिरवायचे, म्हणजे डोळ्याला न दिसणारे काचेचे कण कणकेला चिकटून यायचे. तो गोळा कोंबड्यांना मिळू नये म्हणून खड्डा करून पुरायचं काम माझं. मग तिथंच पंगत. भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि कुणाच्या तरी शेतातला उकड्या तांदळाचा भात.

आप्पांची शाळा तिसरीपर्यंत. मराठी अक्षरं लावून लावून वाचायचे, दुकानात ऐकून ऐकून कानडी बोलायचे, इंग्रजी म्हणजे त्यांना नुसतं नक्षीकाम. पण काय कशानं चिकटवावं याचं त्यांचं शास्त्र पक्कं होतं. दोन रंगांच्या गोळ्या मळून करतात ते इपॉक्सी दगड जोडायला चालेल, काचेला नको. झटपट चिकटणारा गोंद पेटीच्या जवळपास आणायचा नाही. प्लॅस्टिकच्या पाइपाचं सोल्युशन बाहेर ठीक, पाण्यात नको. सिलिकॉन घ्यायचं तर बिनरंगाचं, आणि आंबट वासाचं. वासाबद्दल त्यांचा एक नियमच होता. "नाकाला टोचतंय तवर माशाला टोचतंय," ते म्हणायचे. म्हणून सिलिकॉन भरलं की सात दिवस पेटी कोरडी ठेवायची, रोज सकाळी आत डोकं घालून वास घ्यायचा. वास मेला की तीनदा पाणी भरून ओतायचं. मग आमच्या न्हाणीजवळच्या रांजणात पाळलेले दोन गप्पी मासे त्या पेटीत सोडायचे. त्यांना ते "पाहुणे" म्हणत. पाहुणे एक दिवस मजेत राहिले की पेटी गिऱ्हाइकाच्या घरी. आज माझे विद्यार्थी मोबाइलवर बघून मला सांगतात की मॅडम, हंड्रेड परसेंट सिलिकॉन घ्यायचं, क्युअर होऊ द्यायचं, आधी टेस्ट फिश सोडायचे. मी ऐकून घेते. हे सगळं मी एका तिसरी शिकलेल्या माणसाकडून सोप्याच्या उंबऱ्यावर बसून ऐकलेलं आहे.

आप्पांनी केलेल्या पेट्यांत सगळ्यांत मोठी पेटी सुभेदारकाकांची. चार फूट लांब, जाड काचेची. काका लष्करातून निवृत्त होऊन कॅम्पाच्या कडेला, हिंडलग्याच्या रस्त्यावर घर बांधून राहिले होते. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या त्या पेटीत एकच मासा होता. ऑस्कर जातीचा, दीड वीत लांब, काळसर अंगावर निखाऱ्यासारखे पट्टे, आणि माणसासारखी बघणारी नजर. त्याचं नाव कर्नल. काका म्हणायचे, "जन्मभर मी कर्नलला सलाम ठोकला, आता कर्नल माझ्या हातनं जेवतो." आणि खरंच जेवायचा. काका बोटांत गांडूळ धरून पाण्यावर नेत, कर्नल वर येऊन हळूच काढून घेई. काका संध्याकाळी फिरून आले की त्यांच्या काठीच्या आवाजानं तो काचेशी येऊन उभा राही. काकू मात्र त्या पेटीकडं फिरकत नसत. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, घरात अंडंसुद्धा चालत नसे. गांडुळांचा डबा काका अंगणात पेरूखाली ठेवत, आणि हात दोनदा धुतल्याशिवाय काकू त्यांना चहा देत नसत.

मी दहावीत होते तेव्हा काका गेले. बसल्या जागी, सकाळी, पेपर वाचता वाचता. दिवसकार्याला माणसं येणार म्हणून नातेवाइकांनी पुढची खोली रिकामी केली, आणि पेटी चौघांनी उचलून मागच्या खोलीत नेली. मासा घाबरू नये म्हणून पाणी तसंच ठेवून नेली. भरलेली पेटी कधी उचलायची नसते, तिचा जोड ताणला जातो. पण हे सांगणारा माणूसच त्या घरात उरला नव्हता. काही दिवसांनी खालच्या कोपऱ्यातून पाणी झिरपायला लागलं. काकूंनी कुणाला न विचारता, बायका मोदकपात्राचं झाकण लिंपतात तसा, त्या कोपऱ्याला कणकेचा पट्टा लावला. दोन दिवस तो टिकला, तिसऱ्या दिवशी कणीक भिजून सुटली. मग त्या स्वतः चालत आमच्या घरी आल्या. तोवर त्या कधी आमच्या दारात आल्या नव्हत्या.

आई पाणी घेऊन आली, त्यांनी घेतलं नाही. उभ्याउभ्याच आप्पांना म्हणाल्या की कर्नल दोन दिवस जेवला नव्हता, काठी कोपऱ्यात दिसते आणि आवाज येत नाही म्हणून. मग एका संध्याकाळी त्यांनी ती काठी घेतली आणि ओसरीतून चालत आल्या. तो आला काचेपाशी. तेव्हापासून त्या रोज काठी वाजवत येतात. आणि मग खाली बघत म्हणाल्या, "मी माळकरी बाई, मिस्त्री. पण गांडूळ धरायला शिकले. त्यांची वाट बघणारं आता आम्ही दोघंच आहोत घरात."

आप्पांनी पायांत चपला घातल्या आणि तसेच निघाले. मला म्हणाले, "मंगल, चल गं."

कर्नलला काकूंकडच्या निळ्या पिंपात ठेवून वर फळी आणि फळीवर दगड ठेवला, कारण ऑस्कर उडी मारतो. पेटी हातगाडीवर घालून आम्ही दोघांनी ढकलत हिंडलग्याला आणली. त्या दिवशी गावात बंद होता. दुकानांच्या पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात यावरून आमच्याकडं अधूनमधून बंद होतो, त्यातलाच तोही. रस्ता रिकामा, चौकात पोलिसांची एक गाडी, आणि मोकळ्या रस्त्यावरून आमच्या हातगाडीच्या चाकांचा खडखडाट. घरी आल्यावर आप्पांनी ब्लेडनं जुनं सिलिकॉन खरवडून काढलं, काचा स्पिरिटनं पुसल्या. तेव्हा ध्यानात आलं की घरची नळी तोंडाशीच वाळून दगड झाली होती. ज्या दुकानात ते कामाला होते त्याचं शटर बंद, मालक गावाला. बंद उद्या उठेल का परवा, कुणालाच सांगता येत नव्हतं. आप्पा म्हणाले, सात दिवस वाळायला लागणारच, ते कमी करता येत नाहीत. निदान आज लावलं तर एक-दोन दिवस वाचतील. आम्ही निघालो तेव्हाच कर्नल पिंपात आडवा पडून राहिला होता.

वेशीजवळ एक हार्डवेअरचं दुकान होतं. पुढून बंद, मागच्या दारानं चालू. मालक कानडी बोलणारा, जुना माणूस. त्यानं आतून एकच नळी आणली. आमची नेहमीची नव्हती. बाथरूमच्या फरशांसाठी एका कंत्राटदारानं मागवलेल्यातली होती. "चलो ऐत्री, तगोरी," तो म्हणाला. चांगली आहे, घ्या. आप्पांनी टोपण काढून वास घेतला. तोच आंबट वास. मग त्यांनी नळी माझ्या हातात दिली, आणि दुकानदाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी पोरगी इंग्रजी वाचती. वाच बगू."

हा प्रसंग मी किती वेळा मनात पुन्हा घडवलाय, त्याला गणती नाही. आमच्या घराण्यात इंग्रजी अक्षर ओळखणारी मी पहिली. शाळेत धडा वाचायला मास्तर मला उभी करायचे. दारात उन्हाचा पट्टा होता, त्यात नळी धरून मी मोठ्यानं वाचलं. क्लिअर. हंड्रेड परसेंट सिलिकॉन. अँटी फंगल. दुकानदार मान हलवत हसला. आप्पांनी विचारलं, शेवटचं काय? मी सांगितलं, बुरशी धरत नाही.

"म्हंजे चांगलंच की?"

"व्हय आप्पा," मी म्हणाले. "आपल्या नेहमीच्यापेक्षा चांगलं."

हे नळीवर कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं सांगितलं. आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जे लिहिलेलं होतं ते वाचायला मी नळी उलटी केली नाही. पुढची मोठी अक्षरं वाचून माझं कौतुक झालेलं होतं.

त्या दुपारी आप्पांनी सिलिकॉन भरलं. नळी बसवायच्या गनचा दट्ट्या टिकटिक करत पुढं सरकायचा, आणि ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत श्वास न सोडता एक रेघ ओढायचे. मग साबणाच्या पाण्यात अंगठा बुडवून ती रेघ गुळगुळीत करायचे. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर एकही रेषा शिल्लक नव्हती, काचेनं आणि सिलिकॉननं तो तुळतुळीत झालेला होता. मधे एकदा ते थांबले. नळी डोळ्यांजवळ नेली, माझ्याकडं बघितलं. मी उंबऱ्यावर भूगोलाचं पुस्तक घेऊन बसले होते. मला वाटलं नळी संपत आली असेल. त्यांनी पुन्हा गन उचलली आणि उरलेली रेघ पुरी केली.

मग सात दिवस. रोज सकाळी आप्पा पेटीत डोकं घालून वास घ्यायचे, रोज संध्याकाळी कामावरून येताना काकूंकडं वळून पिंपातलं थोडं पाणी बदलायचे. सातव्या दिवशी वास मेला. तीनदा पाणी भरून ओतलं. पाहुणे सोडले, ते दिवसभर शेपट्या हलवत फिरले. कशात काही कमी ठेवलं नव्हतं त्यांनी. ज्या औषधानं बुरशी मरते ते हळूहळू पाण्यात उतरतं, एका दिवसात नाही, आणि त्याला वास नसतो, हे मला पुढं कितीतरी वर्षांनी रसायनशास्त्र शिकताना कळलं. आप्पांचं सगळं शास्त्र नाकात होतं. नाकाला जे कळत नाही त्यासाठी त्यांनी मला शाळेत घातलं होतं.

पेटी काकूंच्या पुढच्या खोलीत पुन्हा जागेवर बसली. काकूंनी काचेच्या वरच्या कडेला हळदकुंकवाचं बोट लावलं. कर्नल पाण्यात उतरल्यावर थोडा वेळ तळाशी बसून राहिला. काकू ओसरीत गेल्या आणि काठी वाजवत आत आल्या, तसा तो उठून काचेशी आला. त्यांनी आम्हाला चहा दिला, बशीत कुंद्याचे दोन तुकडे दिले. कार्य झाल्यापासून त्या घरात गोड केलेलं नव्हतं, ते शेजाऱ्यांकडून मागून आणलं होतं. परत येताना रस्त्यात आप्पा मला म्हणाले की, तू होतीस म्हणून काम अडलं नाही. मी त्या वाक्यावर चार दिवस जगले.

पाचव्या दिवशी दुपारी काकूंचा निरोप आला. मी शाळेतून आलेच होते, आप्पा जेवायला घरी होते. ताटावरून उठून ते सायकलवर बसले, मी मागं. कर्नल पाण्याच्या वरच्या थराशी तोंड लावून उभा होता. कल्ले जोरजोरात उघडझाप करत होते, अंगावर दुधासारखा चिकट थर आला होता, निखाऱ्याचे पट्टे राखेसारखे झाले होते. आप्पांनी आडातून घागरी ओढल्या, अर्धं पाणी बदललं, मग उरलेलंही बदललं. मी घागरी आणत होते. काकूंनी पदर खोचला, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि कर्नलच्या पोटाखाली तळवा धरला, तो उलटा होऊ नये म्हणून. बराच वेळ त्या तशाच वाकून उभ्या होत्या. उन्हं खाली आली, काका फिरून यायची वेळ झाली. मग त्यांनी हात तसाच ठेवून आप्पांकडं बघितलं, आणि आम्हाला कळलं.

आप्पा म्हणाले, "वहिनी, चूक माझ्या हातची हाय."

काकूंनी हात बाहेर काढला, पदराला पुसला. रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "आता ह्यांना मी काय सांगू?"

कर्नलला पेरूखाली पुरलं. काठी पुन्हा कोपऱ्यात गेली, आणि मी जेव्हा जेव्हा त्या घरावरून गेले तेव्हा खिडकीतून ती तिथंच उभी दिसायची. काकू पुढं दोन वर्षं होत्या. त्यांना खरं सांगायला मी तीनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेले आणि तीनदा परत आले.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी आप्पांच्या हत्यारांच्या डब्यातून ती नळी काढली आणि उलटी केली. मागं बारीक अक्षरांत स्वच्छ लिहिलेलं होतं, माशांच्या टाक्यांसाठी वापरू नये. शेजारी शेंगदाण्याएवढं चित्र, मासा आणि त्यावर आडवी काट. मला एकही शब्द अडला नाही. मी नळी होती तशी डब्यात ठेवली आणि कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं तर नळी डब्यात नव्हती. मला वाटलं आईनं कचऱ्यात टाकली असेल, आणि लाज वाटते सांगायला, मला सुटल्यासारखं झालं.

आप्पांनी त्यानंतर पेटी केली नाही. गिऱ्हाईक आलं तर सांगायचे, हात आता पहिल्यासारखा चालत नाही. हात चांगला चालत होता, खिडक्यांच्या काचा ते तशाच एका रेघेत कापायचे. पण रविवार सुने झाले. आंबट वास गेला, आईनं फरशीसाठी कणकेचा गोळा काढून ठेवायचं सोडलं. काकूंनी ती पेटी परत पाठवली होती. आप्पांनी तिचे जोड सोडवले आणि मागची लांब काच माझ्या अभ्यासाच्या फळीवर बसवून दिली. "गुळगुळीत हाय, लिवायला बरं पडंल," म्हणाले. त्या काचेवर मी दहावी केली, बारावी केली, बी.एस्सी. केलं. काचेखाली पहिल्यांदा वेळापत्रक होतं, मग प्रवेशपत्र, मग पदवीच्या कागदाची झेरॉक्स. एका कडेला अंगठ्यानं सारखी केलेली सिलिकॉनची पट्टी राहून गेली होती. लिहिताना मनगट तिला लागायचं. ती खरवडून काढायला दोन मिनिटं लागली असती.

पुढं मी बेळगावातल्या एका कॉलेजात शिकवायला लागले. माझ्यामागं माझी चुलत भावंडं शिकली, आमच्या गल्लीतल्या मुली शिकल्या, आणि त्यांच्या आया मला बघून हात जोडायच्या तेव्हा मला आप्पांची आठवण व्हायची. ते दुकानात येईल त्याला माझ्याबद्दल सांगत. मला शिकवायला त्यांनी जे केलं त्याचे उपकार मी या आयुष्यात फेडू शकत नाही. पण एक गोष्ट त्यांना सांगायची राहिली होती, आणि ती सांगायला मला पन्नाशी गाठावी लागली.

आप्पांच्या दोन्ही डोळ्यांतलं तेज तेव्हा जवळजवळ संपलं होतं. उजेड आणि सावली तेवढी कळायची. आमच्या विभागात एक जुनी गळकी पेटी पडून होती, ती मुलांकडून दुरुस्त करून घ्यायची असं मी ठरवलं. सिलिकॉनची नळी आणली आणि का कोण जाणे, वापरायच्या आधी ती हिंडलग्याला घेऊन गेले. दुपारची वेळ. आप्पा सोप्यावर भिंतीला टेकून बसले होते. मी म्हटलं, आप्पा, वास घेऊन बघता का? त्यांनी नळी हातात घेतली, पण टोपण काढलं नाही. ती उलटी केली आणि मागच्या बाजूवर अंगठा ठेवून मला म्हणाले,

"हितं मासा हाय का बग."

मला आधी समजलं नाही. "कसला मासा?"

"काट मारलेला."

आत आई भांडी घासत होती, तो आवाज मला खूप लांबून आल्यासारखा वाटला. आप्पा सावकाश बोलत राहिले. रेघ ओढताना नळी हातात फिरली, तेव्हा ते चित्र त्यांना दिसलं होतं. मासा ओळखायला काय शाळा लागते? वर काट होती तीही दिसली होती.

"मग थांबला का न्हाईसा, आप्पा?"

"तू वाचलं हुतंस न्हवं," ते म्हणाले. "मला वाटलं, छपाईचं काय तरी असंल. शिकलेलं माणूस चांगलं हाय म्हणतंय, तितं माझ्या डोळ्याचं काय घिऊन बसायचं."

मग मी सांगितलं. त्याच संध्याकाळी मी मागची बाजू वाचली होती, सगळं कळलं होतं आणि गप्प बसले होते, काकूंकडंही गेले नव्हते. इतक्या वर्षांत तयार करून ठेवलेली वाक्यं होती, पण चार शब्दांतच संपली. आप्पा थोडे हसले.

"म्हंजे मी उगंच टाकली की गं नाल्यात. तुला दिसू नये म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच नेऊन टाकलती. दहावीचं वरीस तुजं."

माझ्या उतावळेपणानं एक मासा मेला आणि एका बाईचं घर रिकामं झालं, याचं दुःख मी इतकी वर्षं वागवलं होतं. त्या दुपारी त्याच्या खालचं दुसरं दुःख हाताला लागलं. अंधारात बोट फिरवून काचेची जाडी सांगणाऱ्या माणसानं, माझ्या दोन इंग्रजी शब्दांपुढं आपल्या डोळ्यांनी बघितलेलं खोटं ठरवलं होतं. आणि त्याबद्दल जन्मभर दोष मात्र स्वतःच्या हाताला दिला होता.

मी डोळे पुसले, त्यांना दिसणार नाही म्हणून पदरानं उघडउघड पुसले. आप्पा अजून नळीच्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवत होते, चित्र असेल तर हाताला लागेल असं वाटत असल्यासारखे.

"ह्यावर न्हाय न्हवं मासा?"

"न्हाय, आप्पा."

"मग झालं," म्हणून त्यांनी नळी माझ्यापुढं धरली. "तू वाचलंस न्हवं."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मी वाचलं म्हणजे खरंच, हा प्रश्न त्यांच्या मनात अजूनही मिटलेलाच होता. मी नळी घेतली, चष्मा लावला, त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसले, आणि मागची बाजू पहिल्या अक्षरापासून मोठ्यानं वाचायला लागले. एकेक ओळ इंग्रजीत वाचायची आणि मराठीत सांगायची. कशावर चिकटतं, कशावर चिकटत नाही. यात काय नाही. किती तासांनी वाळतं. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. थंड, कोरड्या जागी ठेवावं. कारखान्याचा पत्तासुद्धा वाचला. आप्पा डोळे मिटून, पोथी ऐकावी तसे, प्रत्येक ओळीला मान हलवत ऐकत होते. शेवटी मी थांबले, तेव्हा ते म्हणाले, "एवढं लिवलेलं असतंय व्हय मागं?"